संकेतस्थळांच्या बातम्या व चांद्याचा संशोधक

चांदा प्रांताच्या इतिहासाचीं साधनें एका ठिकाणीं मिळत नाहींत, ही तक्रार जुनी आहे आणि तिचें कारणही या प्रांताच्या इतिहासांतच आहे. गोंड राजांचें राज्य १७५१ सालीं नागपूरकर भोसल्यांकडे गेलें. १८१८ सालीं इंग्रजांनीं चांद्याचा किल्ला घेतला. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें आणि १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. सिरोंचाकडील मुलूख त्या काळीं अप्पर गोदावरी नांवाच्या निराळ्या जिल्ह्यांत मोडत असे. तो जिल्हा १८७४ सालीं मोडल्यावर हा भाग चांद्यास जोडण्यांत आला. राजुरा तालुका निजामाच्या राज्यांत आदिलाबादकडे होता, तो १९५९ सालीं चांद्याकडे आला. १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला, आणि १९८२ सालीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य बदललें कीं दफ्तर हलतें. त्यामुळें वैरागडाकडील एखाद्या गांवाचा कागद शोधावयाचा म्हटला तरी नागपूर, पुणें, मुंबई, हैदराबाद, दिल्ली आणि लंडन इतक्या ठिकाणीं डोकावून पाहावें लागतें. आणि तो अमुकच ठिकाणीं असेल असें छातीठोकपणें सांगणारा मनुष्य आमच्या आढळांत नाहीं.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या स्थितींत एक मोठा पालट झाला आहे. दफ्तरखानें, ग्रंथालयें व पदार्थसंग्रहालयें आपल्या जवळील ग्रंथांचीं, पोथ्यांचीं व कागदांचीं छायाचित्रें इंटरनेटवर ठेवूं लागलीं. कनिंगहॅमच्या १८७३ ते १८७५ मधील मध्यप्रांताच्या दौऱ्याचा अहवाल, ज्यांत भांदक, मार्कंडा व चांदा या स्थळांचें वर्णन आहे, तो पूर्वीं एखाद्या मोठ्या ग्रंथालयांत जाऊनच पाहावा लागे. आतां तो घरबसल्या वाचतां येतो. १९०९ सालच्या चांदा ग्याझेटियरची गोष्टही तीच. परंतु यांतून एक नवीन अडचण उत्पन्न झाली. कागद कोठें आहे हें पूर्वीं कळत नसे. आतां तो केव्हां आला हें कळत नाहीं. संस्था आपला संग्रह एका दिवसांत मांडीत नाहींत. आज दहा पोथ्या, चार महिन्यांनीं आणखी पन्नास, अशा रीतीनें भर पडत जाते, आणि आपण ज्या आठवड्यांत तें स्थळ पाहिलें त्याच्या पुढच्याच आठवड्यांत आपल्याला हवा तो कागद तेथें येऊन पडतो.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतों. एका जुन्या जमाबंदीच्या अहवालांतील वैरागडविषयक मजकूर आम्हीं नागपुरास तीन दिवस बसून हातानें उतरून घेतला. परत आल्यावर असें समजलें कीं, त्याच अहवालाची संपूर्ण प्रत वर्षभरापूर्वींच इंटरनेटवर आलेली होती. तेव्हां आम्हीं पाहावयाच्या स्थळांची एक यादी वहींत लिहिली व दर रविवारीं तीं सर्व स्थळें पाहावयाचीं असा नेम केला. नेम सहा आठवडे चालला. यादींत तिसाहून अधिक स्थळें, त्यांपैकीं बहुतेकांवर बहुतेक रविवारीं नवें कांहींच नाहीं, आणि पानें उघडण्यास लागणारा वेळ आमच्या भागांतील दूरसंचाराच्या कृपेवर अवलंबून. असा नेम मोडला तर दोष मनुष्याचा म्हणतां येत नाहीं.

या अडचणीवर जो उपाय आहे तो नवा नाहीं; पंचवीस वर्षांहून जुना आहे. परंतु आमच्या क्षेत्रांतील मंडळींस तो बहुधा ठाऊक नाहीं, असें त्यांच्याशीं बोलतांना दिसून आलें, म्हणून हा लेख. त्या उपायास इंग्रजींत वेब फीड म्हणतात. मराठींत सर्वमान्य शब्द अद्यापि ठरलेला नसल्यामुळें आम्ही फीड हाच शब्द वापरतों.

फीड म्हणजे काय, हें जुन्या दफ्तराच्या परिभाषेंत सांगणें सोपें आहे. प्रत्येक कचेरींत आवक-जावक बारनिशी असते. आलेला प्रत्येक कागद त्या वहींत एका ओळीनें नोंदला जातो: तारीख, कोणाकडून आला, विषय काय, कोणत्या रुमालांत बांधला. आतां अशी कल्पना करा कीं, कारकून त्या वहीचें शेवटचें पान रोज कचेरीच्या दाराबाहेर लावून ठेवतो, आणि तुमचा जासूद दर प्रहरीं येऊन तें पान वाचून जातो. तुम्हांस कचेरींत शिरून सर्व रुमाल सोडण्याचें कारण राहात नाहीं. नवी ओळ पडली तर जासूद सांगेल, न पडली तर तो गप्प बसेल. बाहेर लावलेलें तें पान म्हणजे फीड. जासूद म्हणजे फीड-वाचक नांवाचा एक लहानसा कार्यक्रम, जो तुमच्या संगणकावर किंवा मोबाइलवर बसतो. असे पन्नास जासूद पन्नास कचेऱ्यांकडे धाडून त्यांच्या बातम्या एकाच बैठकींत ऐकतां येतात. दरबारोदरबारीं अखबारनवीस ठेवून त्यांचीं बातमीपत्रें एका ठिकाणीं मागविण्याची जी पद्धत आपल्या वाचकांस पेशवे दफ्तरावरून परिचित आहे, तिचेंच हें रूप आहे. फरक इतकाच कीं, येथें अखबारनवीस आपला नसून त्या कचेरीचाच असतो. आणि हा फरक लहान नाहीं, तो पुढें सांगूं.

फीडचें पान मनुष्यानें वाचावें म्हणून केलेलें नसतें. तें एका ठराविक सांच्याची साधी मजकुराची फाइल असतें. प्रत्येक नोंदींत मथळा, मूळ पानाचा पत्ता, थोडक्यांत आशय, तारीख व एक ओळखचिन्ह इतक्या गोष्टी येतात. ओळखचिन्हाचा उपयोग असा कीं, वाचक-कार्यक्रमानें जी नोंद एकदां दाखविली ती तो पुन्हां नवी म्हणून दाखवीत नाहीं. शिवाय, मागील खेपेपासून फाइलींत कांहीं बदल झाला आहे काय, एवढेंच तो आधीं विचारतो. बदल नसेल तर दूरचा संगणक चार अक्षरांत तसें सांगतो व फाइल पाठवीत नाहीं. ही व्यवस्था शहरांतील मनुष्यास क्षुल्लक वाटेल. परंतु भामरागड, एटापल्लीकडे जेथें दूरसंचार मिळाला तर मिळाला, तेथें तिचें मोल फार आहे. वीस नोंदींचें फीड कांहीं मिनिटांच्या अर्धवट जोडणींतही उतरतें. एका जुन्या ग्रंथाचीं छायाचित्रें उतरावयास मात्र त्याच्या हजारपट भार लागतो. तेव्हां तालुक्याच्या गांवीं बसून यादी वाचावी, हवे ते ग्रंथ खूण करून ठेवावे, आणि चंद्रपुरास अगर नागपुरास जाणें होईल तेव्हां ते उतरवून घ्यावे, अशी वाटणी आम्हीं करून घेतली आहे.

या पद्धतीचा इतिहास थोडक्यांत असा. मार्च १९९९ मध्यें अमेरिकेंतील नेटस्केप कंपनींतील डॅन लिबी व रामनाथन् गुहा यांनीं तिचा पहिला सांचा तयार केला; त्यास आर. एस. एस. असें नांव पडलें. (नागपूरच्या आसपास हीं तीन अक्षरें उच्चारल्यास ऐकणाराच्या मनांत निराळीच संघटना उभी राहते, तिचा व या विषयाचा कांहीं एक संबंध नाहीं.) डेव्ह वायनर याच्या खटपटीनें २००२ सालीं त्या सांच्याची दुसरी आवृत्ति स्थिर झाली. याच कामासाठीं ॲटम नांवाचा दुसरा सांचा निघाला व तो डिसेंबर २००५ मध्यें इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजांत प्रसिद्ध झाला. दोन्ही सांचे आजही चालू आहेत आणि कोणताही वाचक-कार्यक्रम दोन्ही वाचतो. म्हणून त्यांतील भेदाचा काथ्याकूट संशोधकानें करण्याचें कारण नाहीं.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. ऑक्टोबर २००५ मध्यें गूगल कंपनीनें गूगल रीडर नांवाचा फीड-वाचक काढला. तो फुकट व सोयीचा असल्यामुळें जगांतील पुष्कळ अभ्यासक त्यावरच विसंबले. १ जुलै २०१३ रोजीं कंपनीनें तो बंद केला. ज्यांनीं आपल्या फीडांची यादी मुदतींत उतरवून घेतली, त्यांचें कांहींच गेलें नाहीं. दुसऱ्या वाचकांत ती यादी घालून त्यांचें काम दुसऱ्या दिवशीं सुरू झालें. ज्यांनीं ती घेतली नाहीं, त्यांची कित्येक वर्षांची जमवाजमव गेली. ही यादी ओ. पी. एम. एल. नांवाच्या सांच्यांत एका फाइलींत उतरते व कोणत्याही चांगल्या वाचकांत ती बाहेर काढण्याची व आंत घालण्याची सोय असते. पोथ्या कोणाच्याही घरीं असोत, पोथ्यांची याद आपल्या घरीं असावी, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. दर तिमाहीस ती फाइल काढून निराळी ठेवावी.

वाचक कोणता घ्यावा, याविषयीं आम्ही आग्रह धरीत नाहीं. पत्रव्यवहारासाठीं ज्यांच्याकडे थंडरबर्ड आहे, त्यांस त्यांतच फीड वाचतां येतात. ग्रंथसूची ठेवण्यासाठीं झोटेरो वापरणारांस २०१७ पासून त्यांत फीडची सोय मिळाली आहे, आणि ती आम्हांस विशेष पसंत आहे; कारण आलेली नोंद तेथूनच आपल्या ग्रंथसूचींत घालतां येते. फायरफॉक्समध्यें पूर्वीं अशी सोय होती, ती डिसेंबर २०१८ मध्यें काढून टाकण्यांत आली; त्यामुळें जुन्या पुस्तकांतील सूचना वाचून ती शोधीत बसूं नये.

आतां फीड सांपडावें कसें? कांहीं स्थळांवर नारिंगी रंगाच्या चौकोनांत लहरींसारखें चिन्ह असतें, त्यावर त्याचा पत्ता मिळतो. पुष्कळदां चिन्ह नसतें, पण फीड असतें. वर्डप्रेस नांवाच्या व्यवस्थेवर चालणाऱ्या स्थळाच्या पत्त्यापुढें तिरपी रेघ देऊन फीड हा शब्द रोमन अक्षरांत लिहिला कीं तें बहुधा उघडतें. आपल्याकडील लहान संस्थांचीं व मंडळांचीं कित्येक स्थळें याच व्यवस्थेवर आहेत. विकिपीडिया व विकिस्रोत यांवरील कोणत्याही पानाचा 'इतिहास' उघडला कीं त्या पानांत होणाऱ्या प्रत्येक फेरफाराचें ॲटम फीड मिळतें. मराठी विकिपीडियावरील मार्कंडा किंवा भद्रावती या लेखांत कोणी नवा उल्लेख घातला, कीं चुकीचा घातला, हें त्याच दिवशीं कळण्याचा तो मार्ग आहे. खुल्या नियतकालिकांसाठीं वापरली जाणारी ओपन जर्नल सिस्टिम्स ही व्यवस्था नव्या अंकाचें फीड देऊं शकते. इंटरनेट आर्काइव्हच्या प्रगत शोधाच्या पानावर शोधाचें उत्तर आर. एस. एस. रूपांत मागतां येतें. या शेवटच्या सोयीचा उपयोग आम्हांस सर्वांत अधिक झाला, आणि सर्वांत अधिक चुकाही आम्हीं तेथेंच केल्या. म्हणून तिच्यावर थोडें थांबतों.

शोधाचें फीड म्हणजे आपण एक शब्द सांगून ठेवावयाचा, आणि तो शब्द असलेली नवी नोंद आली कीं ती आपल्याकडे यावयाची. आम्हीं प्रथम 'चांदा' हा शब्द रोमन अक्षरांत घातला. पहिल्या आठवड्यांतच फीड भरून गेलें: चंदा नांवाच्या स्त्रिया, कर्नाटकांतील चंदासाहेब, चित्रपटांतील गाणीं, वर्गणी या अर्थानें आलेला चंदा. आमच्या किल्ल्याचा पत्ता नाहीं. 'चंद्रपूर' घातला तर छत्तीसगडांतील चंद्रपूर येऊं लागलें. 'मार्कंडा' घातला तेव्हां मार्कंडेय पुराणाच्या व सप्तशतीच्या पोथ्यांचा ओघ लागला. ही शेवटची गोष्ट पोथीसंग्राहकास कदाचित् हर्षाची वाटेल, पण वैनगंगेकांठच्या देवळांचा शोध करणारास ती निरुपयोगी आहे. उलट 'वैरागड' हा शब्द आम्हीं डी या अक्षरानें शेवट करून घातला होता, तर वर्षभर कांहींच आलें नाहीं. कारण इंग्रजी ग्रंथांत गड हा शब्द आर व एच् या अक्षरांच्या जोडीनें संपतो. देवटेकच्या शिळेवर एक प्राचीन ब्राह्मी आज्ञालेख व दुसरा वाकाटक रुद्रसेनाचा असे दोन लेख आहेत. परंतु कनिंगहॅम व मिराशी यांच्या इंग्रजी लेखनांत तें गांव 'देओटेक' या रूपानें येतें, आणि आजच्या मराठी उच्चाराप्रमाणें व्ही घालून शोधणारास यांपैकीं कांहींच सांपडत नाहीं.

यांत भर पडली ती डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या नोंदींची. या योजनेखालीं भारतीय भाषांतील लक्षावधि ग्रंथांचीं छायाचित्रें घेण्यांत आलीं. तिचें मूळ स्थळ पुढें बंद पडलें, परंतु ग्रंथांपैकीं फार मोठा भाग इंटरनेट आर्काइव्हवर उपलब्ध आहे. त्या ग्रंथांचे मथळे ज्यांनीं रोमन लिपींत उतरविले त्यांनीं कोणताही एक नियम पाळलेला नाहीं. दीर्घ आकारासाठीं कोठें एक ए, कोठें दोन. अनुस्वारासाठीं कोठें एन्, कोठें एम्, कोठें मध्येंच एक अवतरणचिन्ह. ग्रंथकाराच्या जागीं मुद्रकाचें नांव. तेव्हां एका स्थळनामासाठीं एक शब्द पुरत नाहीं, त्याचीं सर्व संभाव्य रूपें लिहून काढावीं लागतात. आम्हीं शेवटीं जी रीत ठरविली ती अशी: स्थळनाम एकटें कधीं घालावयाचें नाहीं, त्याजबरोबर दुसरा एक शब्द द्यावयाचा. चांद्याबरोबर मध्यप्रांत, नागपूर अथवा गोंड, वैरागडाबरोबर चांदा, भांदकाबरोबर लेणें अथवा ताम्रपट. प्रत्येक जोडीचीं तीन-चार रोमन रूपें व एक नागरी रूप. उत्तरें नव्या नोंदी प्रथम येतील अशा क्रमानें मागावयाचीं. इतकें केल्यावर फीडांत दर महिन्यास दहा-पंधरा नोंदी येतात व त्यांतील दोन-तीन खरोखर पाहण्याजोग्या असतात. हें प्रमाण कमी वाटेल, परंतु दफ्तरांत रुमाल सोडून बसणारास याहून चांगलें प्रमाण क्वचितच मिळतें.

दुसरी सावधगिरी तारखेविषयीं. फीडमधील तारीख ही कागदाची तारीख नव्हे, तो स्थळावर ठेवला गेला त्या दिवसाची तारीख होय. कित्येकदां तीही नव्हे: कोणी मथळ्यांतील एक अक्षर दुरुस्त केलें तरी कांहीं स्थळें ती नोंद नवी म्हणून पुढें आणतात. ॲटम सांच्यांत प्रसिद्धीची व फेरफाराची अशा दोन तारखा देण्याची सोय आहे, पण फेरफाराचीच सक्तीची आहे. म्हणून पुष्कळ ठिकाणीं तेवढीच असते. त्याचप्रमाणें एकच ग्रंथ चार निरनिराळ्या लोकांनीं चार वेळां चढविला असेल तर त्या चार नोंदींचीं ओळखचिन्हें भिन्न असतात, व वाचक-कार्यक्रम चारही वेळां 'नवें' म्हणून हांक देतो. १८७९ सालीं छापलेला कनिंगहॅमचा नववा खंड आमच्याकडे याप्रमाणें पुनःपुन्हां 'नवा' होऊन आला आहे. परंतु म्हणून दुसरी प्रत न पाहतां सोडूं नये. एका प्रतींत नकाशा घडी घातलेलाच छायांकित झालेला असतो, दुसऱ्यांत तो उलगडलेला असतो. एकींत पानें गळालेलीं, दुसरींत पूर्ण. पोथ्यांच्या बाबतींत आपण प्रतिप्रतींतील भेद पाहतों, तसाच तो येथेंही पाहावा लागतो.

तिसरी गोष्ट, जिच्यामुळें आमचें खरें नुकसान झालें. दाराबाहेर लावलेलें पान हें शेवटचेंच पान असतें. वर्डप्रेसच्या फीडांत, व्यवस्थापकानें मुद्दाम बदल केला नसेल तर, अखेरच्या दहाच नोंदी राहतात. अकरावी आली कीं पहिली निघून जाते. जासूद पंधरा दिवस आजारी पडला आणि त्या अवधींत कचेरींत वीस कागद आले, तर दहांची वार्ता त्यास कधींच लागणार नाहीं, आणि लागली नाहीं हेंही त्यास कळणार नाहीं. एका वर्षीं पावसाळ्यांत पर्लकोटेस पूर येऊन आम्ही भामरागडाकडे अडकून पडलों व आमचा संगणक घरीं बंद राहिला. त्याच सुमारास एका संस्थेनें (नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं) आपल्या मोडी कागदांच्या हस्तलिखित यादीचीं पानें एकामागून एक अशीं तीस-पस्तीस चढविलीं. आम्हांस शेवटचीं दहा दिसलीं. आधींचीं पानें आहेत हें आम्हांस चार महिन्यांनीं दुसऱ्याकडून कळलें. तोंपर्यंत त्या संस्थेनें स्थळाची नवी मांडणी केली होती व तीं पानें निघून गेलीं होतीं. विचारणा केली तेव्हां मूळ याद सांपडत नाहीं असें उत्तर आलें. यावर तोड दोन प्रकारची आहे. ज्याचा संगणक सतत चालूं शकत नाहीं त्यानें असा वाचक घ्यावा कीं जो दूरच्या सतत चालणाऱ्या संगणकावरून फीड विचारीत राहतो व नोंदी साठवून ठेवतो. असे कित्येक वाचक विनामूल्य किंवा अल्प वर्गणींत मिळतात. दुसरी तोड, दीर्घ खंडानंतर परत आल्यावर फीडवर विश्वास न ठेवतां तें स्थळ एकदां स्वतः जाऊन पाहावें.

येथेंच अखबारनवीस कोणाचा, हा मघांचा मुद्दा येतो. फीडांत काय घालावयाचें हें स्थळाचा चालक ठरवितो. कांहीं स्थळें फक्त समारंभांच्या व निविदांच्या बातम्या फीडांत देतात, नवे चढविलेले कागद देतच नाहींत. एखादा कागद काढून टाकला तर त्याची वार्ता तर कोणतेंच फीड सहसा देत नाहीं. बातमी नाहीं म्हणजे घडलें नाहीं, असा निष्कर्ष अखबारांवरून काढणारा इतिहासकार जसा फसतो, तसाच येथेंही फसेल. आणि कित्येक सरकारी स्थळांवर फीडच नाहीं. त्यांच्यासाठीं पानांतील बदल ओळखणारे निराळे कार्यक्रम आहेत. ते पानाची कालची व आजची प्रत ताडून फरक कळवितात. परंतु पानावरील आजची तारीख किंवा भेट देणारांची संख्या बदलली तरी ते ओरडतात, म्हणून पानाचा कोणता भाग पाहावयाचा हें त्यांस नेमून द्यावें लागतें. एवढा खटाटोप नको असेल तर अशीं स्थळें मोजकीं निवडून महिन्यांतून एक दिवस ठरवावा व वहींत टिपण ठेवावें. आमची रविवारची वही अजून आहे. तींत आतां सातच नांवें उरलीं आहेत.

नोंद आली, पाहण्याजोगी ठरली, मग काय करावें? ती त्याच वेळीं उतरवून घ्यावी. ऑक्टोबर २०२३ मध्यें लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर संगणकी हल्ला झाला आणि तिची सूची पुढील जानेवारीपर्यंत बंद होती. डिजिटल संग्रहांपैकीं कित्येक त्यानंतरही दीर्घकाळ उघडले नाहींत. इंडिया ऑफिसचीं दफ्तरें जेथें आहेत त्या संस्थेची ही गोष्ट. ऑक्टोबर २०२४ मध्यें खुद्द इंटरनेट आर्काइव्ह असाच कांहीं दिवस बंद पडला होता. तेव्हां अमुक पत्त्यावर कागद आहे एवढें टिपून स्वस्थ बसणें पुरेसें नाहीं. ग्रंथ उतरवून घ्यावा. लहान पान असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्यें 'हें पान आतां साठवा' अशी जी सोय आहे तींत त्याचा पत्ता घालावा, म्हणजे त्या दिवसाची प्रत दुसऱ्या ठिकाणींही राहते. आणि उतरवून घेतलेल्या फाइलीबरोबर पत्ता, दिनांक व मूळ संस्थेचा अनुक्रमांक लिहून ठेवावा. अनुक्रमांकाविना घेतलेलें छायाचित्र म्हणजे मायना नसलेलें पत्र होय.

आतांपर्यंत बातमी घेणाराच्या बाजूनें लिहिलें. परंतु चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत ज्यांच्या घरीं पोथ्या, सनदा व ताम्रपट आहेत ते, आणि त्यांच्या याद्या करणारीं मंडळें, हीं बातमी देणारांच्या बाजूसही आहेत. एखाद्या मंडळाचें स्थळ वर्डप्रेसवर असेल तर त्याचें फीड आपोआप निघतें. त्यासाठीं खर्च किंवा ज्ञान लागत नाहीं. लागते ती नोंद नीट लिहिण्याची शिस्त. 'नवीन पोथ्या आल्या' असा मथळा देऊन खालीं दहा छायाचित्रें टाकलीं, तर पुण्याच्या किंवा हैदराबादच्या शोधकास तो मथळा वाचून कांहींच बोध होत नाहीं. एका पोथीस एक नोंद असावी. मथळ्यांतच ग्रंथनाम, लिपि, पत्रसंख्या व लेखनशक यावा. महानुभावांची पोथी असेल तर ती सकळ लिपींत आहे, सुंदरी लिपींत कीं साध्या बाळबोधींत, हें अवश्य लिहावें. शक वाचतां आला नाहीं तर तसें म्हणावें, अंदाज मथळ्यांत घालूं नये. स्थळनामें नागरींत व जुन्या इंग्रजी ग्रंथांतील रोमन रूपांतही द्यावींत, म्हणजे आम्हांस वैरागडासाठीं जें वर्ष फुकट घालवावें लागलें तें दुसऱ्यास घालवावें लागणार नाहीं. एक गोष्ट मात्र नोंदींत घालूं नये: पोथी अथवा ताम्रपट कोणत्या गांवीं कोणाच्या घरीं आहे तें. फीड शोधकाकडे जातें तसेंच तें जुन्या वस्तूंच्या चोरट्या व्यापाऱ्याकडेही जातें, आणि तो आपल्याहून अधिक नियमितपणें वाचतो. मालकाचें नांव मंडळाच्या वहींत राहावें, व विचारणा करणाराची खात्री पटल्यावर तें द्यावें.

चांदा प्रांतापुरत्या फीडांची व शोधशब्दांच्या जोड्यांची जी यादी आम्हीं तयार केली आहे ती ओ. पी. एम. एल. सांच्यांत आहे, आणि कोणाही सभासदास ती पाठविण्यास आम्ही तयार आहों. तींत सिरोंचा, अहेरी व माणिकगड यांचीं रूपें अपुरीं आहेत. मद्रास व हैदराबादकडील इंग्रज अधिकारी या नांवांचें लेखन तेलुगू उच्चारावरून करीत, आणि तीं रूपें आम्हांस थोडींच सांपडलीं आहेत. ज्यांच्या वाचनांत तीं आलीं असतील त्यांनीं ग्रंथ व पृष्ठ यांसह कळवावीं.